पहिल्या उड्डाणाचा निकाल जमिनीवरच लागतो

माझं पहिलं रेडिओ कंट्रोल विमान हवेत जेमतेम अकरा सेकंद राहिलं. जानेवारीची सकाळ होती, वारा नव्हता, आचऱ्याकडच्या सड्यावर गवत अजून उभं होतं. मित्राने विमान छान फेकलं. ते सरळ चढलं आणि किंचित डावीकडे कललं, म्हणून मी ट्रान्समीटरची काठी उजवीकडे नेली. विमान आणखी डावीकडे गेलं. मी घाबरून काठी पार टोकापर्यंत उजवीकडे ढकलली. विमान पालथं झालं आणि नाकावर कातळावर आपटलं. फोमचे तुकडे वेचताना कारण कळलं. आदल्या रात्री मी एलेरॉनचा सर्व्हो बदलला होता आणि नंतर एलेरॉनची दिशा तपासली नव्हती. म्हणजे विमान सड्यावर पडलं खरं, पण त्याचं पडणं आदल्या रात्री घरातल्या टेबलावरच ठरून गेलं होतं.

त्यानंतर अनेक विमानं उडवली, काही मुलांना शिकवलंही. पहिल्याच उड्डाणात मोडलेली जी विमानं मी पाहिली, त्यांतली बहुतेक उडवणाऱ्याचा हात कच्चा होता म्हणून मोडली नाहीत. तपासणी अर्धवट राहिली होती, जागा चुकली होती, नाहीतर वारा चुकला होता. या तिन्ही गोष्टी विमान हातातून सुटण्याआधीच्या आहेत, म्हणून त्या आपल्या ताब्यातल्याही आहेत.

सिंधुदुर्गात घरी पहिलं विमान जोडून तयार आहे आणि आता ते उडवायचं आहे, अशा वाचकासाठी हा लेख आहे. विमान नेहमीचं शिकाऊ प्रकारचं आहे असं मी धरतो: फोमचं, पंख वरच्या बाजूला, पंखांची लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन साधारण किलोभर, विजेची मोटर, तीन सेलची लिपो बॅटरी आणि 2.4 गिगाहर्ट्झचा चार चॅनेलचा ट्रान्समीटर.

जागा: वाळूचा मोह आवरा

मालवणात विमान म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे किनारा येतो. लांबलचक, मोकळा, मऊ वाळूचा. पण पहिल्या उड्डाणासाठी किनारा चांगला नाही, आणि त्याची कारणं पक्की आहेत.

पहिलं कारण विमानतळ. परुळे-चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला. तारकर्ली, देवबाग आणि भोगवे हे आपले सगळ्यात नावाजलेले किनारे हवाई अंतराने त्याच्या अगदी जवळ आहेत. मालवण शहरसुद्धा विमानतळापासून 12 किलोमीटरच्या आतच येतं, आणि एवढ्या अंतरापर्यंत उड्डाणावर बंधनं आहेत. रस्त्याने जाताना कर्ली नदीला वळसा घालावा लागतो, म्हणून चिपी लांब वाटते. आकाशात नदी आडवी येत नाही.

दुसरं कारण माणसं. पहाटे रापण ओढणारे असतात, वाळत घातलेली जाळी असतात, होड्या असतात. दिवस वर आला की पर्यटक येतात, आणि मालवण-तारकर्लीच्या बाजूला पॅरासेलिंगचे दोर हवेत असतात. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला आणि देवगडजवळच्या तांबळडेगला गावकरी ती घरटी राखतात. पडलेलं विमान शोधत अशा वाळूत धावणं बरोबर नाही.

तिसरं कारण खुद्द वाळू. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत काळे, लोहयुक्त कण असतात. ब्रशलेस मोटरमध्ये ताकदीची चुंबकं असतात. विमान एकदा वाळूत टेकलं की हे कण चुंबकांना जाऊन चिकटतात आणि फुंकर मारून निघत नाहीत. मोटर खरखरू लागते, तापते, आणि पुढच्या एखाद्या उड्डाणात दगा देते.

मग कुठे जायचं? माझ्या मते दोन जागा चांगल्या. एक म्हणजे भातकापणी झालेला मळा. नोव्हेंबरपासून कुणगे कोरडे पडतात, माती मऊ असते, आणि विमान पडलं तरी बहुतेक वेळा दुरुस्त होण्याइतपतच मोडतं. मेरेवर आपटणार नाही एवढी लांबी आणि रुंदी मात्र आधी पावलांनी मोजून घ्या. वायंगणी (दुसऱ्या हंगामाची) शेती उभी असेल तिथे जाऊ नका. शेतमालकाला विचारूनच जा, आणि तेही आदल्या दिवशी.

दुसरी जागा सडा. चहूबाजूंनी मोकळा, वीजवाहिन्या कमी, माणसं तुरळक. सड्यावर कातळ असतो, त्यामुळे चाकांवरून उतरवणं कठीण जातं, पण गवताचा दाट पट्टा शोधला तर पोटावर उतरवता येतं. एक काळजी घ्या. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचा जो गट 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला, त्यात कुडोपीही आहे. आपल्या परिसरातल्या कुठल्या सड्यावर अशी चित्रं आहेत हे गावातल्या जाणत्यांना विचारा आणि ती जागा पूर्णपणे सोडा. कातळावर विमान आपटलं तर फोम मोडेल आणि पुन्हा चिकटवता येईल. शिल्पाच्या रेघेवर पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

नियम: आधी नकाशा, मग बॅटरी

आपलं विमान खेळणं असलं तरी कायद्याच्या नजरेत ते मानवरहित हवाई यान आहे. 25 ऑगस्ट 2021 रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. वजन 25 किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा छंदासाठी, आणि उड्डाण डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात. अशा विमानाला प्रकार-प्रमाणपत्राची गरज नाही. 250 ग्रॅमपासून 2 किलोपर्यंतचं यान ‘मायक्रो’ गटात मोडतं, आणि ते बिगरव्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही.

पण हवाई क्षेत्राचे नियम सगळ्यांना सारखे आहेत. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी व्यासपीठावर देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत दाखवलेला आहे. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. त्याहून आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही. हा नकाशा बदलत असतो, म्हणून ज्या दिवशी उडवायचं त्या दिवशी तो पाहा. नोंदणीची सध्याची अट काय आहे तेही पाहून पूर्ण करा. सिंधुदुर्ग किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्यावर किंवा आसपास पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय काहीही उडवू नका. डिसेंबर 2023 मध्ये नौदल दिन मालवणात साजरा झाला तेव्हासारख्या प्रसंगी बंदी आणखी कडक होते.

मी पहिल्यांदा एखाद्या सड्यावर जातो तेव्हा गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवतो. दोन मिनिटांचं काम असतं, पण आकाशात घरघर ऐकून गावात शंका उठत नाही.

वारा: खारा आणि मतलई

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. मालवणात विमान उडवणाऱ्याला ते रोज उपयोगी पडतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. हा मतलई वारा मंद आणि एकसारखा असतो. ऊन वर आलं की तो पडतो, आणि साधारण दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारनंतर तो चांगलाच जोर धरतो.

पहिल्या उड्डाणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आणि सकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात चांगली. मतलई वारा तेव्हा हलकाच असतो. कमरेएवढ्या उंचीवरून मूठभर सुकं गवत सोडा. ते दोन-तीन पावलांच्या आत पडलं तर उडवा. त्याहून लांब गेलं तर थांबा.

विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरवायचं. सकाळी वारा पूर्वेचा, म्हणजे विमान पूर्वेकडे सुटणार, आणि सूर्यही तिकडेच असणार. यावर उपाय आहे. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे तो तुमच्या उजव्या खांद्यामागे राहतो. विमान उजवीकडे सोडा आणि थोडं चढल्यावर पहिलं वळण डावीकडे, उत्तरेला घ्या. मग सगळ्या फेऱ्या तुमच्या समोर होतील आणि सूर्य पाठीशी राहील. संध्याकाळी वारा पश्चिमेचा आणि मावळता सूर्यही पश्चिमेलाच असतो. तेव्हा विमान सूर्यात शिरून क्षणभर दिसेनासं होतं. पहिल्या उड्डाणाला तो क्षण पुरेसा असतो.

घरातली तपासणी

ही तपासणी आदल्या संध्याकाळी, भरपूर उजेडात करा. मोटर फिरणार नाही याची खात्री म्हणून प्रॉपेलर काढून ठेवा. किलोभर वजनाच्या विमानाचा प्रॉपेलर बोट कापायला पुरेसा असतो. घरात लहान मुलं असतील तर हा नियम कधीच मोडू नका.

सरळपणा. विमान टेबलावर ठेवा आणि चार पावलं मागे जाऊन शेपटाकडून पाहा. आडवं शेपूट आणि पंख एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. पंखाला पीळ पडलेला नसावा. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला फोमचा पंख तासाभरात वाकू शकतो. प्रत्येक बिजागरी हलकेच ओढून पाहा. जी इथे हातात येते ती हवेतही सुटली असती.

गुरुत्वमध्य, म्हणजे सीजी. सगळ्या तपासणीत मी याला पहिला मान देतो. विमानाच्या पुस्तिकेत सीजीची जागा दिलेली असते. नसेल तर साध्या सरळ पंखासाठी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर ती धरा. पंख 20 सेंटिमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटर. बॅटरी जागेवर बसवा, प्रॉपेलर या मापनापुरता परत लावा, आणि पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या रेषेवर एकेक बोट ठेवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. पुढे जड असलेलं विमान सुस्त उडतं, पण हाताला ऐकतं. मागे जड असलेलं विमान नाक वर करतं, वेग हरवतं आणि नवशिक्याच्या हाती सापडत नाही. बॅटरीची बरोबर जागा सापडली की तिथे पेनाने खूण करा आणि पट्टा घट्ट बांधा. हवेत बॅटरी मागे घसरली तर तुमचं सगळं मोजमाप फुकट जातं.

दिशा. आता प्रॉपेलर पुन्हा काढा. आधी ट्रान्समीटर सुरू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. बंद करताना उलट क्रम: आधी विमानाची बॅटरी, मग ट्रान्समीटर. विमानाच्या मागे उभे राहा आणि मोठ्याने म्हणत तपासा. काठी उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. काठी आपल्याकडे ओढली: एलिव्हेटर वर. रडरची काठी उजवीकडे: रडर उजवीकडे. मोठ्याने म्हणायचं कारण असं की डोळे सवयीने पुढे सरकतात, तोंडाने म्हणताना ते थांबतात. मी त्या रात्री ही तीन वाक्यं म्हटली असती तर माझं पहिलं विमान वाचलं असतं.

हालचालीचं माप. नवख्या हाताला कमी हालचाल बरी. पुस्तिकेत जास्त आणि कमी अशी दोन मापं दिली असतील तर पहिल्या उड्डाणाला कमी निवडा. काठी मधोमध असताना सगळे पृष्ठभाग पंखाच्या आणि शेपटाच्या रेषेत सपाट असले पाहिजेत. नसतील तर ट्रिम वापरण्याआधी सळईची लांबी बदलून ते सरळ करा, म्हणजे हवेत ट्रिमला दोन्ही बाजूंना पुरेशी जागा राहील.

फेलसेफ. सिग्नल तुटला तर मोटर बंद पडली पाहिजे. प्रॉपेलर काढलेला असताना थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली तर ठीक. फिरतच राहिली तर रिसीव्हर थ्रॉटल खाली ठेवून पुन्हा बाइंड करा आणि पुन्हा तपासा. सिग्नल तुटूनही मोटर चालू ठेवणारं विमान गावाच्या दिशेने जाऊ शकतं. ते परत मिळेल की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी ते कोणाच्या अंगावर पडेल याचा विचार करा.

बॅटरी आणि वणवा

तीन सेलची लिपो पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते, म्हणजे प्रत्येक सेल 4.2 व्होल्ट. 2200 एमएएचची बॅटरी 2.2 अँपिअरने, बॅलन्स चार्जरवर, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात, आणि तुमच्या नजरेसमोर चार्ज करा. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका. वापरायची नसेल तेव्हा ती प्रत्येक सेलला 3.8 व्होल्टवर आणून ठेवा.

पहिल्या उड्डाणाला ट्रान्समीटरवर चार मिनिटांचा गजर लावा. बॅटरीत त्याहून जास्त वेळाचा जोर असतो, पण शेवटचा भाग पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करण्यासाठी राखून ठेवायचा. उतरल्यावर प्रत्येक सेल 3.7 व्होल्टच्या वर असला पाहिजे.

सड्यावर जाणाऱ्यांसाठी एक इशारा. जानेवारीनंतर सड्यावरचं गवत पेंढ्यासारखं सुकतं. आपटलेल्या विमानातली दबलेली लिपो काही मिनिटांनीही पेट घेऊ शकते. सुक्या गवतात ठिणगी पडली की वणवा उतारावरच्या आंबा-काजूच्या बागांत शिरतो, आणि वर्षाची कमाई तासाभरात जाते. म्हणून बादलीभर वाळू किंवा माती सोबत न्या. आपटलेल्या विमानातली बॅटरी लगेच बाहेर काढून उघड्या कातळावर ठेवा आणि निदान अर्धा तास तिच्यावर लक्ष ठेवा. गवत खूप सुकलं असेल तर त्या दिवशी मळा गाठा.

मैदानावरची यादी

ही यादी कागदावर लिहून ट्रान्समीटरच्या पेटीत ठेवा. मनातली यादी पहिल्या उड्डाणाच्या धडधडीत हरवते.

1. नकाशा आज पाहिला. जागेच्या मालकाची परवानगी आहे.
2. माणसं, गुरं, वीजवाहिन्या आणि रस्ता कुठे आहे ते सोबत्याला दाखवलं.
3. बॅटरी पूर्ण भरलेली, खुणेवर बसवलेली, पट्टा घट्ट.
4. पंखाचे रबर किंवा स्क्रू तपासले.
5. प्रॉपेलर घट्ट, अक्षरं पुढच्या बाजूला.
6. ट्रान्समीटरमध्ये बरोबर मॉडेल निवडलेलं आहे.
7. रेंज तपासली: ट्रान्समीटर रेंज चेकवर ठेवून 30 पावलं लांब जाऊन सगळ्या हालचाली नीट होतात. नंतर रेंज चेक बंद केला.
8. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर पुन्हा एकदा, मोठ्याने.
9. सोबत्याने विमान घट्ट धरून पूर्ण थ्रॉटल दिला. कंप नाही, आवाज स्वच्छ.
10. वारा पाहिला.

सोबती असल्याशिवाय पहिलं उड्डाण करू नका. तुमची नजर विमानावर असते, तेव्हा वाट चुकून आलेली गुरं आणि शाळेला निघालेली मुलं त्याला दिसतात. जवळपास अनुभवी माणूस असेल तर पहिलं उड्डाण त्याच्या हातून करून घ्या आणि ट्रिम झाल्यावर ट्रान्समीटर तुमच्या हाती घ्या. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथून आलेला एखादा माजी छात्र तुमच्या तालुक्यात सापडेल. कोणीच नसेल तर आधी मोबाइलवर किंवा संगणकावर सिम्युलेटरवर इतका सराव करा, की विमान तुमच्याकडे येत असतानाही हात गोंधळणार नाहीत.

पहिली चार मिनिटं

हाताने सोडायचं असेल तर सोबत्याने विमान पंखाखाली धरावं, पंख सपाट, नाक क्षितिजाकडे किंवा किंचित वर, आणि तीन पावलं धावून भाल्यासारखं सरळ ढकलावं. वरच्या दिशेने फेकू नये. थ्रॉटल आधीच पूर्ण असावा. मोटरच्या पिळामुळे विमान किंचित डावीकडे झुकू शकतं, तेव्हा काठी उजवीकडे हलकेच न्यायची तयारी ठेवा. खाली आहे तोवर वळवू नका. आधी उंची घ्या.

साधारण 100 फूट उंचीवर थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा वर आणा आणि काठ्या क्षणभर सोडून पाहा. विमान एका बाजूला झुकत असेल तर एलेरॉनचा ट्रिम, नाक वर किंवा खाली जात असेल तर एलिव्हेटरचा ट्रिम, एकेक खटका. ते सरळ उडू लागलं की तुमचे खांदे आपोआप सैल होतात.

मग मोठ्या, सपाट फेऱ्या घ्या. वळताना पंख 30 अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका आणि काठी थोडी आपल्याकडे ओढा, नाहीतर वळणात विमान उंची गमावतं. विमान नेहमी आपल्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे सकाळी पूर्वेकडे ठेवा. काही बिघडलं तरी वारा त्याला आपल्याकडे आणेल. ते आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा एकच गोष्ट लक्षात ठेवा. जो पंख खाली झुकलेला दिसतो, काठी त्याच बाजूला न्या, पंख वर येईल.

तिसऱ्या मिनिटाला, उंचीवर असतानाच, थ्रॉटल कमी करून विमान किती हळू झाल्यावर नाक टाकतं ते पाहा आणि लगेच थ्रॉटल द्या. उतरताना हा वेग कधीही येऊ द्यायचा नाही, हे हाताला एकदा कळलं पाहिजे. मग उतरवण्याची एक फेरी फक्त सरावासाठी करा आणि खाली न टेकवता पुन्हा वर जा. चौथ्या मिनिटाला खरं उतरवा. वाऱ्याच्या तोंडावर, लांबून, पंख सपाट ठेवून, थ्रॉटल हळूहळू कमी करत. जमीन अर्ध्या मीटरवर आली की थ्रॉटल बंद आणि काठी हलकेच आपल्याकडे. रांगेत नीट येत नसेल तर हट्ट करू नका. थ्रॉटल द्या, पंख सपाट ठेवा, पुन्हा फेरी घ्या.

घारी जवळ आल्या तर पळवापळवी करू नका. उंची कमी करा आणि उतरवा. आकाश त्यांचं आहे.

उतरल्यावर

मोटर, बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा भाग) हाताने पाहा. कोमट असतील तर ठीक, हात ठेवता येत नसेल तर प्रॉपेलर मोठा आहे किंवा मोटर कुठेतरी घासते आहे. हवेत दिलेला ट्रिम सळईची लांबी बदलून कायम करा आणि ट्रान्समीटरवरचा ट्रिम पुन्हा मधोमध आणा. काय बदललं ते वहीत लिहा.

आपल्या हवेत मीठ आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने विमान पुसा आणि सावलीत वाळवा. बॅटरीचे जोड आणि मोटरच्या बेअरिंगवर गंज येतो का ते महिन्यातून एकदा पाहा. ट्रान्समीटर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. विमान समुद्रात पडलं तर त्याची बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. मिठाच्या पाण्यात बुडालेली लिपो घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा.

न उडवता परतणं

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव अनेकांना ठाऊक आहेत. त्यांचं विमान 2016 मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी 2017 मध्ये झाली आणि धुळ्यात ते 2020 मध्ये उडालं. डोळ्यांपुढे पूर्ण दिसणारं विमान चार वर्षं जमिनीवर थांबलं. आपल्याला किलोभर फोमसाठी एक सकाळ थांबायचं असतं, आणि तेही जड जातं. सुट्टी एकाच दिवसाची असते, मुलं उत्साहात असतात, मित्र मोबाइल काढून तयार असतो.

आमच्या शेजारी एक तांडेल राहत होते. मी विमान घेऊन निघालो की ते विचारायचे, “वारो बघलंस?” एकदा मी म्हटलं, पाहतो तिथे गेल्यावर. ते म्हणाले, “वारो बघल्याशिवाय होडी पाण्यात घालुची नाय. आणि बघून परत येवक लाजूचा नाय.” दर्यावर्दी माणसं किनाऱ्यावरून रिकाम्या हाती परतायला कमीपणा मानत नाहीत. होडी शाबूत असली की उद्या पुन्हा दर्यात जाता येतं, हे त्यांना ठाऊक असतं.

मी माझ्या यादीत दहाव्या ओळीनंतर एक ओळ नंतर जोडली: यातली एक जरी गोष्ट जमली नाही तर घरी. दुसऱ्या विमानाच्या वेळी मी दोनदा सड्यावरून परत आलो. एकदा वारा होता, एकदा फेलसेफ लागला नव्हता. तिसऱ्या सकाळी ते विमान चार मिनिटं उडालं आणि सोडलं त्या जागेपासून वीस पावलांवर गवतात उतरलं. ते आजही उडतं. तुमची यादी आज रात्री लिहा, आणि तिच्यात ही शेवटची ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहा.